मारिंबाची जवारी : ज्युलियस वेक्टर, बाहा मारिंबा बँड आणि चाहत्यांची आठवण

या टिपणाची सुरुवात एका चुकीच्या दुरुस्तीने करावी लागत आहे. यांत्रिक कंपनांवरच्या माझ्या जुन्या टिपणात, दोन्ही टोके मोकळी असलेली पट्टी कशी कंप पावते हे सांगताना मी मारिंबा या वाद्याचे उदाहरण घेतले होते. खाली एक ओळ होती : ऐकण्यासाठी – बाहा मारिंबा बँड, मेक्सिको. ती ओळ चुकीची आहे. चूक माझ्या लक्षात आली नव्हती. ती वर्गात एका विद्यार्थ्याने पकडली.

मी इंदूरला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वर्ग हिंदी आणि इंग्रजीत चालतो, टिपणे मात्र मी मराठीतही लिहितो. त्या दिवशी पडद्यावर या बँडच्या एका रेकॉर्डचे वेष्टन दाखवले होते. मोठ्या काठाच्या मेक्सिकन टोप्या, ओठांवर चिकटवलेल्या जाड मिशा, अंगावर मळके, ढगळ कपडे, एकूण सगळी मंडळी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी. वर्ग हसला. मीही हसलो. मागच्या बाकावरच्या एका तमिळ मुलाने विचारले, "सर, हे लोक खरंच मेक्सिकन आहेत का?" मी म्हणालो, बघून सांगतो. त्यावर तो म्हणाला, "नसणार. आमचं सोंग आणणारेही असेच दिसतात."

तो निघाला बरोबर. बँडचा प्रमुख ज्युलियस वेक्टर शिकागोत जन्मलेला आणि लॉस एंजेलिसमध्ये काम करणारा अमेरिकन वादक होता. एवढी दुरुस्ती करून थांबता आले असते. पण या बँडच्या एका चाहत्याला मी लहानपणापासून ओळखतो. ते माझे मोठे मामा. त्यांना हे सांगायचे कसे, याचा विचार करता करता टिपण लांबत गेले.

चाहत्याकडून सुरुवात

मामा १९६८ साली एम.एस. करायला दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. तीन वर्षांपूर्वीच, म्हणजे १९६५ मध्ये, अमेरिकेने देशोदेशीचे जुने कोटे रद्द करणारा कायदा केला होता, त्यामुळे शिकून तिथेच राहण्याची वाट भारतीय तरुणांना मोकळी झाली होती. मामा मात्र आठ वर्षांनी परत आले. सोबत एक स्लाइड रूल, एक गरम कोट आणि तेरा-चौदा एलपी होत्या. त्यांतल्या चार बाहा मारिंबा बँडच्या. सुट्टीत आम्ही भाचरे जमलो की त्या लागायच्या. लाकडाचा तो टपोरा, गोल आवाज ऐकून माझी धाकटी मावशी म्हणायची, "लावा ती बोरं सांडल्याची गाणी."

साठच्या दशकातले संगीत म्हटले की बीटल्स आठवतात. पण ते दशक घरात बसून जगलेल्या माणसांना विचारले तर दुसरीच यादी मिळते. या बँडचे चाहते त्या दुसऱ्या यादीतले. आज त्यांतले बहुतेक सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांची आठवण सहसा मोठ्या मैफलीची नसते. ती घरातल्या रेकॉर्डच्या कपाटाची असते, रविवारच्या सकाळची असते, आईवडील चक्क हसत असल्याची असते. मामांना वेक्टरचे चरित्र ठाऊक नव्हते. पण "हेड्स अप!" या एलपीवर कोणत्या बाजूला कोणते गाणे, हे ते अजून सांगतात. इतिहास लिहिणाऱ्याने अशा आठवणीला किरकोळ समजू नये. विक्रीचे आकडे संगीत किती घरांत पोचले ते सांगतात. पोचल्यावर तिथे त्याचे काय झाले, ते मामांसारखे लोकच सांगू शकतात.

वेक्टर नावाचा वादक

वेक्टरचा जन्म १० मे १९३५ चा. आरंभीचे त्याचे संगीत जॅझचे. व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य, हे त्याचे पहिले बलस्थान. १९५७ च्या सुमारास मार्टिन डेनीच्या हवाईतल्या चमूतून आर्थर लायमन हा वादक बाहेर पडला आणि त्याच्या जागी वेक्टर आला. डेनीचे संगीत 'एक्झॉटिका' म्हणून ओळखले जाते. पियानो, व्हायब्राफोन, दूरदेशची तालवाद्ये, मधूनच वादकांनी तोंडाने काढलेले पक्ष्यांचे आवाज. पॅसिफिकमधली कुठलीशी बेटे, कुठलेसे जंगल. नकाशावर शोधू गेले तर नेमके सापडणार नाही असे. त्याच नावाचा अल्बम आधी लायमनसह मोनोमध्ये निघाला होता. स्टिरिओ आल्यावर तो पुन्हा वाजवला गेला, तेव्हा पट्ट्यांवर वेक्टर होता. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी देशाचे कल्पनेतले चित्र आवाजात उभे करण्याची तालीम त्याला आधीच मिळाली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६२ मध्ये हर्ब अल्पर्ट या ट्रम्पेटवादकाने जेरी मॉस याच्याबरोबर ए अँड एम ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिची पहिली मोठी कमाई 'द लोन्ली बुल'. टिहुआना या सीमेवरच्या मेक्सिकन शहरात पाहिलेल्या बैलझुंजीतून अल्पर्टला त्या सादरीकरणाची कल्पना सुचली होती. बँडचे नाव टिहुआना ब्रास, पण सुरुवातीला ते नावापुरतेच. वाजवणारे लॉस एंजेलिसमधले स्टुडिओतले वादक. वेक्टर त्यांच्यापैकी. अल्पर्टच्याच आग्रहावरून त्याने स्वतःचा बँड काढला. मारिंबा आघाडीला, सोबत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, गिटार, कधी क्लॅरिनेट तर कधी बासरी. 'कमिन इन द बॅक डोअर' ही धून १९६३-६४ च्या हिवाळ्यात गाजली आणि १९६४ मध्ये पहिला अल्बम आला.

त्याची सगळ्यांत पसरलेली रचना मात्र स्वतःच्या बँडसाठी नव्हती. 'स्पॅनिश फ्ली' ही धून त्याने अल्पर्टसाठी केली. ती १९६५ च्या 'गोइंग प्लेसेस' अल्बममध्ये आहे. तिचे शब्द त्याची पत्नी सिसी वेक्टर हिने लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'द डेटिंग गेम' या टीव्ही कार्यक्रमात ती वाजू लागली आणि घराघरांत गेली. तुम्ही 'सिम्पसन्स' ही चित्रमालिका पाहत असाल तर होमरने गाडीत बसून ती गुणगुणलेली ऐकली असेल. धून सगळ्यांच्या ओळखीची, रचणारा कुणाच्याच नाही, असा हा प्रकार. त्याच सुमारास वेक्टर स्टुडिओत इतरांसाठीही वाजवत होता. बीच बॉइज यांच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' या अल्बमवर तो आहे.

स्टुडिओतल्या वादकांची नावे त्या काळी वेष्टनावर छापली जात नसत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोवेकर संयोजकांचे जे झाले तेच तिकडेही. कोणत्या गाण्यात कोण वाजवतो याचा पत्ता पुढे लागला, त्यात चाहत्यांचा वाटा मोठा आहे. ते वेष्टने जपतात, छापांची तुलना करतात, कानाने वादक ओळखतात. विद्यापीठात ज्याला संशोधन म्हणतात ते काम बरेचदा हे लोक संध्याकाळी हौसेने करतात.

वाद्याकडे वळू

आता माझ्या विषयाचे. लाकडाची एकसारख्या जाडीची पट्टी दोन बोटांवर तोलून ठोका. टोकांपासून लांबीच्या साधारण २२.४ टक्के अंतरावर दोन बिंदू असतात, तिथे पट्टी जवळजवळ हलतच नाही. दोरी तिथून ओवायची. अशा पट्टीचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या २.७६ पट कंप्रतेचा असतो. हे गुणोत्तर कुठल्याच सप्तकात नीट बसत नाही, म्हणून साधी पट्टी 'टक्क' वाजते, गात नाही. मारिंबाच्या पट्टीला खालून, मधोमध कमानीसारखे तासतात. मधला भाग लवचीक झाल्याने मूळ स्वर बराच खाली येतो आणि उपस्वर त्या मानाने कमी. तासत तासत गुणोत्तर बरोबर चारवर आणायचे, म्हणजे दोन सप्तके वर. झायलोफोनमध्ये ते तीनवर ठेवतात, त्यामुळे त्याचा आवाज जास्त टोकदार. पट्टीखाली नळी असते, खालून बंद. तिच्यातला हवेचा स्तंभ पाव तरंगलांबीचा. २२० हर्ट्झच्या पट्टीखाली सुमारे ३९ सेंटिमीटरची नळी हवी. हे गणित करून पाहा, टोकाची दुरुस्ती धरल्यावर थोडे कमी येईल. जलतरंग किंवा काष्ठतरंग जवळून पाहिला असेल त्यांना यातले अर्धे आधीच ठाऊक असते.

हे सगळे मी अनेक वर्षे शिकवत आलो. यात काय राहून गेले ते वाद्याचा इतिहास वाचल्यावर कळले.

मारिंबा हा शब्द आफ्रिकेतल्या बांटू भाषांचा. गुलाम म्हणून अमेरिका खंडात नेलेल्या आफ्रिकी माणसांनी हे वाद्य डोक्यात साठवून नेले, हे मत आज बहुतेक अभ्यासक मानतात, जरी ग्वाटेमालात ते मूळ माया लोकांचेच असा आग्रह धरणारेही आहेत. दोमिंगो हुआर्रोस या इतिहासकाराच्या लिहिण्यात १६८० साली ग्वाटेमालाच्या जुन्या राजधानीत कॅथेड्रलच्या उद्घाटनाच्या सोहळ्यात स्थानिक लोकांनी मारिंबा वाजवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे तोवर ते आफ्रिकी हातांतून माया हातांत पोचले होते. पट्ट्या ओर्मिगो नावाच्या स्थानिक झाडाच्या, खाली नळ्यांऐवजी भोपळे. आणि प्रत्येक भोपळ्याच्या बुडाशी एक लहानसे भोक, भोवती मेणाचे कडे, त्यावर डुकराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा ताणलेला. पट्टी वाजली की हा पापुद्रा थरथरतो आणि स्वराभोवती एक झणझण उभी राहते. तिला तिथे 'चार्लेओ' म्हणतात. आफ्रिकेतल्या अशा वाद्यांमध्ये याच कामासाठी कोळ्याच्या कोशाचा पापुद्राही वापरतात.

तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी काढलेली तुम्ही पाहिली असेल. जवारी नसलेला तंबोरा सुरात असतो, पण बोलत नाही. चार्लेओ म्हणजे मारिंबाची जवारीच. ग्वाटेमालात किंवा मेक्सिकोच्या चिआपास प्रांतात ती नसलेला मारिंबा वाजवणाऱ्याला पुरा वाटणार नाही.

१८९० च्या दशकात चिआपासमध्ये आणि ग्वाटेमालात पट्ट्यांची दुसरी रांग घालून सगळे बारा स्वर वाजवता येतील असे मारिंबे तयार झाले. ग्वाटेमालातल्या केत्साल्तेनांगो शहरातल्या उर्तादो घराण्याचे नाव यात येते. मोठ्या मारिंब्यावर चौघे जण शेजारी शेजारी उभे राहून वाजवतात, कोणी खर्ज, कोणी मुख्य चाल. उर्तादो बंधू १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात वाजवायला गेले आणि अमेरिकन श्रोत्यांना या आवाजाचे वेड लागले. त्याच काळात शिकागोची डीगन कंपनी कारखान्यात मारिंबे बनवू लागली होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पियानोसारखी मांडणी, होंडुरासचे शिसवी लाकूड, धातूच्या नळ्या, अचूक मेळ. पापुद्रा गेला. कारखान्याच्या अभियंत्याच्या दृष्टीने ती झणझण हा दोष होता, आणि खरे सांगायचे तर माझ्याही दृष्टीने होता. मी मुलांना "आवाजातला अनावश्यक भाग" असे म्हणून पुढे जात असे.

बाहा मारिंबा बँडच्या रेकॉर्डवर ऐकू येतो तो हा स्वच्छ, अमेरिकन मारिंबा. नावातही एक गंमत आहे. बाहा कॅलिफोर्निया हे मेक्सिकोचे वायव्येकडचे वाळवंटी द्वीपकल्प, आणि मारिंबाचे मेक्सिकन घर म्हणजे दक्षिण टोकाचे चिआपास. टिहुआना ते तुश्तला गुतिएर्रेस हे अंतर सरळ रेषेत सुमारे तीन हजार किलोमीटर भरते. काश्मीरच्या डोंगरातल्या लोकांचा घटम् बँड, असे नाव ठेवल्यासारखे हे झाले. लॉस एंजेलिसहून पाहिले की मेक्सिको एकच दिसतो आणि तो सीमेच्या लगेच पलीकडे सुरू होतो.

एप्रिल १९६६

आता तारखांकडे बघा. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातली ब्रासेरो योजना १९४२ पासून चालू होती. मेक्सिकन शेतमजुरांना ठरावीक मुदतीसाठी आणायचे, काम झाले की परत पाठवायचे. बावीस वर्षांत असे सुमारे ४६ लाख करार झाले (माणसे त्याहून कमी, कारण एकेक जण पुन्हा पुन्हा येई). १९६४ च्या अखेरीस योजना बंद झाली. बाहा मारिंबा बँडचा पहिला अल्बम त्याच वर्षीचा.

सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिलेनो गावाच्या द्राक्षमळ्यांत संप सुरू झाला. आधी फिलिपिनो मजूर उतरले, आठवड्याभरात सेझार चावेझ यांची मेक्सिकन-अमेरिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. १७ मार्च १९६६ ला संपकरी डिलेनोहून राज्याच्या राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे पायी निघाले. पाचशेच्या आसपास किलोमीटर चालून १० एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, ते पोचले. डोक्यावर उन्हासाठी घातलेल्या रुंद काठाच्या टोप्या होत्या.

त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या वीसमध्ये टिहुआना ब्रासचे एकाच वेळी पाच अल्बम होते. वेक्टरचा बँड त्याच लाटेवर होता. त्याचा 'वॉच आउट!' हा अल्बम त्याच वर्षीचा. म्हणजे ज्या कॅलिफोर्नियात खऱ्या मेक्सिकन टोप्या रस्त्याने चालत किमान मजुरी मागत होत्या, तिथेच खोट्या टोप्या रंगमंचावर लोकांना हसवत होत्या. या दोन गोष्टींत कट-कारस्थान शोधू नका. वेक्टरने मजुरांचे काही वाईट केले, असे म्हणायला कसलाच आधार नाही. पण ज्याच्याकडे बघून हसायची सवय झाली आहे, त्याचे म्हणणे गंभीरपणे ऐकायला वेळ लागतो, एवढे म्हणता येते. १९६७ मध्ये मक्याच्या चिप्स विकण्यासाठी 'फ्रिटो बँडिटो' नावाचे मिशीवाल्या मेक्सिकन लुटारूचे कार्टून टीव्हीवर आले. मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९७१ मध्ये ते मागे घ्यावे लागले. तोवर टोपी-मिशीच्या विनोदाचे दिवस भरत आले होते.

आपण इथे बसून अमेरिकनांना नावे ठेवावीत, अशी आपली पुण्याई नाही. १९६८ च्या 'पडोसन' चित्रपटात मेहमूद यांनी रंगवलेला दाक्षिणात्य संगीतशिक्षक आठवा. त्यातली सवाल-जवाबाची गाण्याची जुगलबंदी मला आजही आवडते. मन्ना डे आणि किशोरकुमार यांच्या गळ्यांचे ते काम ऐकताना हात आपोआप ठेका धरतो. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मात्र हॉस्टेलमध्ये अजून त्याच चालीत हाक मारतात, हे मला त्याच्याशी बोलल्यावर कळले. गाणे उत्तम आहे आणि हाक त्रासाची आहे. गाणे वाईट ठरवून हाक थांबणार नाही, आणि हाकेकडे कानाडोळा केल्याने गाण्याचे काही भले होणार नाही.

मामा काय म्हणाले

शेवटी मामांना फोन केला. मुद्दाम आधी तारखा सांगितल्या, मग टोप्यांचे. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, मला तिथे बसमध्ये लोक स्पॅनिशमध्येच विचारायचे, थांबा कुठला म्हणून. एकदा घर बघायला गेलो तर त्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. मी भारतीय आहे, विद्यापीठात शिकतो म्हटल्यावर आत बोलावलं, चहा केला. मेक्सिकन असतो तर बहुतेक तिथूनच परत आलो असतो."

मी विचारले, "मग मामा, ती वेष्टनं बघून तुम्हाला काहीच वाटायचं नाही?"

"वेष्टन बघायचो कुठे? अंधारात ऐकायचो. खोलीत एकच दिवा होता, तो अभ्यासाला." मग थोडे थांबून, "आणि खरं सांगू का, ती बाई रेकॉर्डवाल्यांनी बनवली नव्हती. पण मला तिथे पहिलं वर्षभर हसवलं ते मात्र त्यांनी."

हे वाक्य मी तसेच्या तसे लिहून ठेवले आहे. चाहत्याची आठवण पुरावा म्हणून वापरताना अडचण असते ती हीच. ती खोटी नसते, पण तिच्यात दिवा कुठे होता आणि अंधार कुठे, हे आपल्याला विचारून घ्यावे लागते. मामांच्या आठवणीत अर्धे उघडलेले दार होते आणि मारिंबाही होता. पन्नास वर्षे दोन्ही शेजारी राहिले. ते एकत्र सांगायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली नव्हती, एवढेच.

वेक्टरबद्दल आणखी थोडे, कारण त्याला फक्त खोट्या मिशीखाली ठेवून देणे हाही अन्यायच होईल. सत्तरचे दशक उजाडेपर्यंत ती लाट ओसरली होती. १९७३ मध्ये बँडने दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा एक अल्बम काढला, पण काळ पुढे गेला होता. वेक्टरला टूरेट सिंड्रोम होता, म्हणजे शरीराच्या हालचाली किंवा आवाज आपल्या मनाविरुद्ध होत राहण्याचा मज्जासंस्थेचा विकार. पुढच्या आयुष्यात त्याने मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि या विकाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या दक्षिण कॅलिफोर्निया शाखेचे उपाध्यक्षपद सांभाळले. १ फेब्रुवारी १९९९ रोजी तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, वय ६३. लोक बघतात आणि हसतात, याचा अनुभव त्याला रंगमंचाबाहेरही आला असणार, असे मला वाटते. हा माझा तर्क, इतिहास नव्हे. तसे लिहूनच ठेवतो.

वादक म्हणून ऐकायचे असेल तर 'घोस्ट रायडर्स इन द स्काय' आणि 'अलाँग कम्स मेरी' या दोन धुना घ्या. दुसरी मुळात द असोसिएशन या गटाचे दाटीवाटीच्या शब्दांचे गाणे. बँडच्या वादनात शब्द गेले आणि चाल लाकडावर आली. लाकडाचा स्वर लांबवता येत नाही, ठोकला की विझू लागतो. म्हणून लांब स्वरासाठी दोन्ही हातांनी भरभर ठोके द्यावे लागतात. ते ठोके ऐकूच न येता सलग सूर वाटला, तर वादक मुरलेला समजावा. वेक्टरचे ठोके शोधून काढावे लागतात. त्यानंतर लगेच चिआपासच्या किंवा ग्वाटेमालाच्या एखाद्या मारिंबा-समूहाचे मुद्रण लावा. ग्वाटेमालाने १९७८ मध्ये मारिंबाला राष्ट्रीय वाद्याचा मान दिला, तिथली मुद्रणे मुबलक मिळतात. पहिल्या दहा सेकंदांत स्पीकर फाटला की काय असे वाटेल. फाटलेला नाही. तोच तो पापुद्रा.

मामांना मी असे एक मुद्रण पाठवले. त्यांनी दोनदा ऐकले. "तंबोरा लाकडाचा असता तर असा वाजला असता," म्हणाले. आणि मग, "आमच्या रेकॉर्डमधून हे काढलं कोणी रे?" मी शिकागोच्या कारखान्याचे सांगितले. त्यांना ते फारसे पटले नाही. कारखाना मागणी असेल तेच बनवतो, असे त्यांचे म्हणणे पडले. तीस वर्षे कारखान्यात काढलेला माणूस आहे, मी वाद घातला नाही.

कंपनांच्या टिपणातली ओळ आता बदलली आहे. ती अशी : ऐकण्यासाठी – ज्युलियस वेक्टर आणि बाहा मारिंबा बँड, लॉस एंजेलिस, पहिला अल्बम १९६४, मेक्सिकन वेशातला अमेरिकन बँड, कारखान्यात बनलेला, पापुद्रा नसलेला मारिंबा, सोबत तुलनेसाठी ग्वाटेमाला किंवा चिआपासचा पापुद्रा असलेला मारिंबा. मागच्या बाकावरच्या मुलाने ती वाचून मान डोलावली. मामांना पाठवली तेव्हा त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. 'लॉस एंजेलिस'नंतर 'ऐकायला मजा येते' असे घालायला हवे होते, ते म्हणाले. घातले आहे.